दुनळीच्या नळ्या समांतर का नसतात?

रविवारी सकाळी मामेभावाचा फोन आला. "दादा, आबांची बंदूक वाकलीय. आणि आत्ता वाकलेली नाही, बहुतेक कंपनीतूनच तशी आलीय."

आबा म्हणजे माझे मामा. मुळशीत त्यांची भातखाचरं होती, रानडुकरांचा त्रास होता आणि पीकसंरक्षणासाठी काढलेल्या परवान्यावर एक बर्मिंगहॅमची दुनळी होती. सरकारी कागदावर तिचं नाव डी.बी.बी.एल., म्हणजे मागून काडतूस भरायची दोन नळ्यांची बंदूक; घरात नुसती 'दुनळी'. मामा गेल्यावर रीतसर परवाना काढून ती मामेभावाकडे कर्वेनगरला आली. त्यानं ती आजवर एकदाही झाडलेली नाही. तेल लावतो, पुसतो, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करतो आणि निकालानंतर घेऊन येतो. स्वतः हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. हल्ली त्याला थ्रीडी प्रिंटरचा नाद लागलाय आणि त्यापायी घरात डिजिटल व्हर्नियर आलाय. ज्याच्या हाती व्हर्नियर, त्याला घरातली प्रत्येक वस्तू मोजायची असते. हे मी चिंचवडच्या टूलरूममध्ये काढलेल्या एकतीस वर्षांच्या भरवशावर सांगतो.

त्यानं मोजलं ते बरोबर होतं. काडतूस घालतात त्या मागच्या टोकाला दोन नळ्यांच्या भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, साधारण 27 मिलिमीटर. पुढे तोंडाशी तेच 21. म्हणजे नळ्या पुढे जाताना एकमेकींकडे झुकल्या आहेत. त्याचं म्हणणं सरळ होतं: दोन्ही नळ्यांनी एकाच दिशेला मारायचं, तर त्या समांतर हव्यात. या समांतर नाहीत, तेव्हा माल सदोष.

त्याला फोनवर 'नाही रे' म्हणालो आणि मग समजावायला दोन तास लागले. तेच इथे लिहितो आहे.

आधी त्याचीच भूमिती पुढे नेऊ. नळीची लांबी 28 इंच, म्हणजे 711 मिलिमीटर. एवढ्या लांबीत दोन मध्यरेषा 6 मिलिमीटर जवळ आल्या. याच वेगानं त्या पुढे जात राहिल्या, तर उरलेले 21 मिलिमीटर तोंडापुढे अडीच मीटरवर संपतात आणि रेषा एकमेकींना छेदतात. पुढे त्या फाकत जातात. बारा बोअरची (बोअर हे नळीच्या भोकाचं माप) बंदूक तपासायचं रूढ अंतर 40 यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर. तिथे पोचेपर्यंत उजव्या नळीची रेषा मध्याच्या डावीकडे सुमारे 14 सेंटीमीटर गेलेली असते आणि डाव्या नळीची तेवढीच उजवीकडे. कागदावर पाहिलं तर ही बंदूक तिरळी आहे.

पण कागदावरची बंदूक हलत नाही. खरी हलते, आणि छरे नळीतून बाहेर पडायच्या आधीच हलायला लागते. सगळी मेख इथे आहे.

आपला समज असा असतो की चाप ओढला, बार झाला, छरे गेले आणि मग खांद्याला धक्का बसला. खांद्याला तसंच जाणवतं, कारण मेंदूला कळायला वेळ लागतो. प्रत्यक्षात दारू पेटली की तिचा वायू जितक्या जोरानं छऱ्यांना पुढे ढकलतो, तितक्याच जोरानं त्याच क्षणी बंदुकीला मागे ढकलतो. छऱ्यांना नळी ओलांडायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात. पापणी लवायला शंभराच्या वर मिलिसेकंद लागतात, त्यावरून अंदाज करा. या तीन मिलिसेकंदांत बंदूक मागे सरकते, थोडी वर उचलली जाते आणि दुनळी असेल तर बाजूला वळते.

बाजूला का? मार्केटयार्डात हमाल हातगाडी मागे घेताना पाहिलाय? दोन्ही दांडे सारखे ओढले तर गाडी सरळ मागे येते. एकटा उजवा दांडा ओढला तर गाडीचं नाक उजवीकडे वळतं. दुनळीत उजवी नळी हा उजवा दांडा. बंदुकीचं वजन दोन नळ्यांच्या मधल्या रेषेवर तोललेलं असतं, पण धक्का बसतो तो त्या रेषेच्या उजवीकडे. म्हणून उजवी नळी उडाली की तोंड उजवीकडे वळतं, डावी उडाली की डावीकडे. नळ्या खरोखरच समांतर बसवल्या असत्या, तर उजवीचे छरे दर वेळी उजवीकडे गेले असते आणि डावीचे डावीकडे. मामेभावाच्या मनातली निर्दोष बंदूक दोन्ही बाजूंनी नेम चुकवणारी निघाली असती.

बंदूक वळते हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा पीएमपीतून रोज उतरणाऱ्याला पटकन कळेल. बस पुरती थांबायच्या आत उतरलात तर पाय जमिनीला लागले तरी अंग बसच्या दिशेनं चार पावलं जातंच. नळीचं तोंड उजवीकडे जात असताना छरे त्यातून सुटले, तर त्या आडव्या गतीतला वाटा ते बरोबर घेऊन जातात. सुटताना त्यांचा वेग सेकंदाला 400 मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे आडवा वाटा क्षुल्लक वाटतो. पण 36 मीटर पुढे तो सेंटीमीटरांत मोजण्याइतका होतो.

तेव्हा बंदूक घडवणारा काय करतो? धक्क्यानं उजवी नळी जेवढी उजवीकडे जाणार, तेवढी ती आधीच डावीकडे झुकवून ठेवतो. डावीचं उलट. झुकाव आणि झटका एकमेकांना खाऊन टाकतात आणि दोन्ही नळ्यांचे छरे पट्टीच्या रेषेत एकाच जागी पोचतात. पट्टी म्हणजे दोन नळ्यांच्या मधोमध वरून गेलेली लोखंडी फीत. तिच्या पुढच्या टोकाला माशी, म्हणजे नेमासाठीचा छोटा मणी, असते आणि डोळा तिच्यावरूनच पाहतो. नेमाची रेषा एकच, नळ्या दोन. दोघींना त्या एका रेषेशी जुळवून घ्यावं लागतं.

"पण मग एवढं अचूक 6 मिलिमीटर कुणी काढलं?" त्याचा पुढचा प्रश्न. सहा या आकड्यात काही पवित्र नाही. बंदुकीचं वजन, नळीची लांबी, काडतुसाचा भार, दोन भोकांमधलं अंतर, यातलं काहीही बदललं की हा आकडा बदलतो. जुने कारागीर त्यातला बराच भाग परंपरेनं करत. या वजनाच्या बारा बोअरला एवढा झुकाव, हे त्यांच्या घराण्यात ठरलेलं असे. शिवाय मागच्या बाजूला नळीच्या भिंती जाड लागतात, कारण दारूचा सगळ्यात मोठा दाब तिथे असतो. पुढे त्या पातळ चालतात. जाड बुडं एकमेकींना टेकवली आणि पातळ तोंडं टेकवली, की झुकाव आपोआपच येतो. तो किती ठेवायचा, यात कारागिरी.

ही कारागिरी खरी पाहायची तर दुनळी रायफलमध्ये. शॉटगनमध्ये शेकडो छरे असतात. ते पसरतात आणि पसरण्यात चुका झाकल्या जातात. बंदूक तपासताना 40 यार्डांवर 30 इंचांचं, म्हणजे 76 सेंटीमीटरचं वर्तुळ काढून त्यात किती छरे पडले ते मोजतात. अगदी घट्ट चोकच्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या, नळीचेही साधारण 70 टक्केच आत येतात. एवढ्या मोठ्या थाळीत एक नळी सहासात सेंटीमीटर इकडेतिकडे असली तर पक्ष्याला किंवा मातीच्या तबकडीला फरक कळत नाही. रायफलची गोळी मात्र एकच. दोन नळ्यांच्या गोळ्या वितभर लांब पडल्या की दुसरी नळी असून नसल्यासारखी. म्हणून दुनळी रायफलच्या तोंडाशी दोन नळ्यांमध्ये एक पाचर ठेवतात. कारागीर गोळ्या झाडतो, कागद पाहतो, डाग (नळ्या जोडणारं कथील-शिशाचं सांधकाम) तापवून पाचर केसभर आत सारतो किंवा बाहेर काढतो, थंड करतो आणि पुन्हा झाडतो. असं दोन्ही नळ्यांचं जमेपर्यंत. आणि हे सगळं एकाच ठरावीक काडतुसासाठी. हलक्या भाराची, वेगवान गोळी घातली तर ती नळीत कमी वेळ राहते आणि झटका पुरा व्हायच्या आत निघून जाते. मग उजव्या नळीची गोळी झुकावाप्रमाणे डावीकडेच पडते, डावीची उजवीकडे. संथ काडतूस घातलं तर उलट, गोळ्या फाकतात. कागदावर गोळ्या एकमेकींना ओलांडून गेल्यात की फाकल्यात एवढं पाहून जाणकार सांगतो, काडतूस जलद आहे की संथ. वेग मोजायचं यंत्र लागत नाही.

या दोन जातींच्या मधलीही एक बंदूक होती. भारतात नोकरी केलेले ब्रिटिश अधिकारी कर्नल फॉस्बेरी यांनी 1885 मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं ती 'पॅराडॉक्स' या नावानं बाजारात आणली. आतून गुळगुळीत नळी, फक्त तोंडाशी थोड्या लांबीत पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. छरेही चालत आणि एकटी गोळीही. सकाळी तितर, दुपारी सांबर, अशा शिकारीच्या काळातली ती सोय. अर्थात तिला रायफलसारखंच जुळवावं लागे, कारण गोळीला लपायला जागा नसते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या 1991 च्या दुरुस्तीनं तो सगळा प्रकारच बंद केला हे बरंच झालं.

आता बाजूबाजूच्या नळ्या सोडून एकीवर एक नळी असलेली बंदूक घ्या. ऑलिम्पिकच्या ट्रॅप आणि स्कीट या तबकड्या फोडायच्या स्पर्धांमध्ये हीच दिसते. 2004 साली अथेन्सला राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचं रौप्यपदक जिंकलं तेव्हा हवेत एकदम दोन तबकड्या सुटायच्या आणि दोन नळ्यांनी दोन्ही फोडायच्या असायच्या. या मांडणीत डाव्याउजव्याचं भांडण मिटतं आणि वरखालीचं सुरू होतं. खालच्या नळीचा धक्का खांद्याच्या जवळपास सरळ रेषेत बसतो, त्यामुळे तोंड कमी उडतं. वरच्या नळीचा धक्का उंचावरून बसतो, तोंड जास्त उचललं जातं. म्हणून पहिला बार बहुधा खालच्या नळीचा काढतात. बंदूक फार हलत नाही आणि दुसऱ्यासाठी नेम लवकर लागतो. या नळ्याही जुळवाव्या लागतात, फक्त उभ्या दिशेनं. क्रीगहॉफ या जर्मन कंपनीच्या के-80 मध्ये तर तोंडाशी नळ्या धरून ठेवणारा तुकडा बदलता येतो. वेगळ्या मापाचा बसवला की खालच्या नळीचा मारा वरखाली सरकतो. जे काम बर्मिंगहॅमचा म्हातारा कारागीर डाग तापवून करायचा ते इथे सुट्या भागानं होतं. मला म्हातारा जास्त आवडतो, पण माझं टूलरूमचं मन के-80 च्या बाजूनं मत देतं.

बाजूबाजूच्या दुनळीतही उभ्या दिशेची एक गंमत आहे. तिची नळ्यांची जोडी आडवी रुंद आणि उभी बारीक, म्हणजे आडव्या ठेवलेल्या पट्टीसारखी. वरखाली ती सहज लवते. धक्क्यानं मागचं बूड वर उसळतं, पण पुढचं तोंड जडत्वामुळे क्षणभर मागे राहतं, म्हणजे किंचित खाली लवतं. बंदूक एकूण वर जात असताना तोंड खाली. म्हणून अशा बंदुकीला मारा थोडा वर ठेवावा लागतो, आणि ते दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागाच्या, उंचीनं आणि पट्टीच्या उतारानं साधतात.

दस्ता म्हटल्यावर खरी गडबड सुरू होते. बंदूक चुकीचं मारते अशी तक्रार आली तर दोष बहुतेकदा नळ्यांचा नसतो, दस्त्याचा असतो. शॉटगनला मागची निशाणी नसते. मागची निशाणी म्हणजे तुमचा डोळा, आणि डोळा कुठे येणार हे गाल दस्त्यावर कुठे टेकतो यावर ठरतं. दस्ता उंच असला की डोळा वर आणि मारा वर. गाल जाड असला की डोळा बाजूला आणि मारा बाजूला. मामांच्या मापाचा दस्ता मामेभावाला बसेलच असं नाही. मामा काटकुळे होते, हा बसून काम करणारा.

दोष नळ्यांचा की दस्त्याचा, हे ओळखायची जुनी रीत सोपी आहे. परवानगी असलेल्या रेंजवर 16 यार्डांवर, म्हणजे साडेचौदा मीटरवर, मोठा कागद लावायचा आणि मध्ये काळा ठिपका काढायचा. फार नेम न धरता बंदूक खांद्याला लावून झटकन झाडायची, उजव्या नळीनं पाचसहा बार एका कागदावर, डाव्या नळीनं दुसऱ्यावर. मग प्रत्येक कागदावरच्या पुंजक्याचा मध्य काढायचा. दोन्ही नळ्यांचे मध्य एकाच बाजूला सरकलेले असतील, समजा दोन्ही डावीकडे खाली, तर नळ्या आपसात जुळलेल्या आहेत आणि दस्ता तुम्हाला बसत नाही. एक नळी ठिपक्यावर आणि दुसरी भलतीकडे, तर नळ्यांचं बिनसलंय. 16 यार्डच का, याचंही उत्तर हिशेबात आहे. डोळ्यापासून माशी साधारण 1 यार्डावर असते, म्हणजे कागद तिच्या सोळापट लांब. कागदावर 1 इंच चूक म्हणजे डोळ्याच्या जागेत एक सोळांश इंच, दीड मिलिमीटरच्या थोडं वर. दस्ता किती वाकवायचा किंवा तासायचा हे कागदावर पट्टी ठेवून थेट वाचता येतं. साधं प्रमाण, पण ज्याला सुचलं त्याला मानलं पाहिजे.

मामांची बंदूक या परीक्षेला तीसेक वर्षांपूर्वी बसली होती. मामांचे एक स्नेही लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ते तिला रेंजवर घेऊन गेले. त्यांचे कागद मामीनं बरीच वर्षं जपले होते आणि मी ते पाहिलेत. उजवी नळी ठिपक्यावर. डावी हातभर नाही, पण चांगली चार बोटं डावीकडे. म्हणजे डावी नळी आपला झुकाव खाऊन उरत होती.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी नळ्यांचा काळा रंग उडाला म्हणून मामांनी बंदूक एका दुकानात दिली होती. त्यानं ती चकाचक काळी करून दोन दिवसांत परत केली. दोन दिवसांत, हीच गोम. लोखंड काळं करायच्या दोन रीती आहेत. संथ रीतीत नळीवर मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळत्या पाण्यात धरायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा आणि असं पुन्हापुन्हा करायचं. आठवडा जातो. झटपट रीतीत नळी कॉस्टिक सोड्याच्या आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात बुडवतात. ते द्रावण 140 अंशांच्या आसपास असतं. दुनळीच्या पट्ट्या आणि तोंडाजवळचं सांधकाम कथील-शिशाच्या डागानं केलेलं असतं. तो डाग वितळायला 180 अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून करणाऱ्याला वाटतं काही होणार नाही. वितळत नाहीच. पण कॉस्टिक त्या डागाला हळूहळू खातं, शिवाय पट्टीखाली शिरून बसतं आणि आतून गंज धरवतं. वरून नळी नव्यासारखी, आतून सांधा पोकळ. मग पहिल्या काही बारांनंतर दोन नळ्या एकमेकींपासून जराशा सुटतात. मिलिमीटरच्या काही दशांशांचा प्रश्न, पण वर केलेलं गणित आठवा. 711 मिलिमीटरवर अर्धा मिलिमीटर हललं, तर साडेछत्तीस मीटरवर अडीच सेंटीमीटर होतात.

मामेभावाला म्हटलं, व्हर्नियर ठेव बाजूला. कसबा पेठेत कुंभारवाड्यात मडकं घेताना आजी काय करायची? टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद वाजलं तर तडा आहे. दुनळीचंही तेच. आधी दोन्ही कोठ्यांत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहायचं, मग नळ्यांची जोडी दस्त्यापासून सोडवायची, मागच्या आकड्यात बोट घालून लोंबती धरायची आणि बोटाच्या पेरानं ठोकायची. पट्ट्या शाबूत असतील तर देवळातल्या घंटेसारखा लांबत जाणारा नाद येतो. सांधा सुटला असेल तर भांड्याला भांडं लागल्यासारखं खरखरतं.

त्यानं फोन स्पीकरवर ठेवला आणि ठोकलं. खरखरलं.

"पण हिच्यावर बर्मिंगहॅमच्या तपासणीचे शिक्के आहेत ना?" आहेत. तिथलं तपासणीघर 1813 पासूनचं, आणि ते तपासतं ते दाब. नेहमीच्यापेक्षा जास्त भाराचं काडतूस झाडून नळी फुटत नाही ना, एवढंच. नेमाची हमी त्या शिक्क्यात कधीच नव्हती. आणि सांधा खराब झाल्यावर, नळी आतून गंजली असण्याची शक्यता असताना, जुन्या शिक्क्यावर विसंबून खडकीच्या कारखान्याचं 'शक्तिमान' काडतूस त्यात सारायचं धाडस मी तरी करणार नाही.

दुरुस्ती होते. दोन्ही पट्ट्या उतरवायच्या, आतला गंज साफ करायचा, तोंडाशी पाचर पुन्हा बसवायची, झाडून पाहायचं, पुन्हा डाग द्यायचा आणि संथ रीतीनं काळं करायचं. असं काम करणारे हात आता फार थोडे राहिलेत, आणि खर्च बंदुकीच्या किमतीवर जातो. मुळशीतल्या त्या खाचरांवर आता बंगल्यांची स्कीम झालीय, रानडुकरं आणखी पलीकडे गेलीत. मामेभावानं विचार करून ठरवलं की तेल लावत राहायचं, झाडायची नाही.

पुढच्याच निवडणुकीला ती पुन्हा ठाण्यात जमा झाली. पावतीचा फोटो त्यानं मला पाठवला. डी.बी.बी.एल., बारा बोअर, एक नग. शेवटच्या रकान्यात निळ्या शाईनं लिहिलं होतं: 'सुस्थितीत.'